लेबलिंग थिअरी म्हणजे काय? 'गुन्हेगार' हा शिक्का कोण मारतं आणि तो बसल्यावर काय होतं?

'ओटीपी विचारून भामट्याने घातला लाखाचा गंडा.' अशा धाटणीची हेडलाइन मराठीत जवळपास रोज दिसते. भामटा म्हणजे फसवणारा, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींची यादी उघडली, तर त्यात 'भामटा' हे एका समाजाचं नाव म्हणून सापडतं. त्याच यादीत 'बेरड' हेही नाव आहे. आपण मात्र निगरगट्ट माणसाला बेरड म्हणतो.

म्हणजे या समाजात जन्मलेल्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर जे लिहिलेलं असतं, तीच बाकीच्यांसाठी शिवी असते. त्या मुलानं काही केलेलं असो वा नसो.

माणसाच्या कपाळावर असा शिक्का कोण मारतं, कुणाला मारतं आणि शिक्का बसल्यावर त्या माणसाचं काय होतं, याचा अभ्यास समाजशास्त्रात 'लेबलिंग थिअरी' या नावानं केला जातो. गुन्ह्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आणि फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी. कारण पूर्वी असे शिक्के सरकार आणि पोलीस मारायचे, आता ते आपल्या हातातल्या मोबाइलवरूनही मारले जातात.

थोडक्यात सांगायचं तर

आपण साधारणपणे असा विचार करतो: काही कृती मुळातच वाईट असतात, त्या करणारी माणसं वाईट असतात, म्हणून समाज त्यांना गुन्हेगार म्हणतो.

लेबलिंग थिअरी हा क्रम तपासून बघते. तिचं म्हणणं दोन भागांत सांगता येईल.

पहिला भाग: कोणती कृती 'वावगी' ठरणार, हे त्या कृतीवर कमी आणि बघणाऱ्यांच्या प्रतिक्रियेवर जास्त अवलंबून असतं. नियम कोणी बनवला आणि तो कोणाला लावला, हे महत्त्वाचं.

दुसरा भाग: एकदा शिक्का बसला की माणसाचे पुढचे रस्ते बंद होत जातात. शेवटी तो शिक्क्याप्रमाणेच वागण्याची शक्यता वाढते.

ही थिअरी आली कुठून?

तिचं मूळ अमेरिकेत आहे. फ्रँक टॅननबॉम यांनी १९३८ साली 'क्राइम अँड द कम्युनिटी' हे पुस्तक लिहिलं. तरुणपणी न्यूयॉर्कमधल्या बेरोजगारांच्या आंदोलनात भाग घेतल्याबद्दल त्यांना एक वर्षाची कैद झाली होती, त्यामुळे तुरुंग त्यांनी आतून पाहिला होता. पोरं खिडक्या फोडतात, टवाळक्या करतात, त्यांच्या दृष्टीनं तो खेळ असतो. मोठी माणसं मात्र आधी त्या कृतीला वाईट म्हणतात आणि हळूहळू त्या पोरालाच वाईट म्हणू लागतात. 'हे वाईट केलंस' पासून 'तू वाईट आहेस' पर्यंतचा हा प्रवास टॅननबॉम यांनी दाखवला.

१९५१ साली एडविन लेमर्ट यांनी यात एक महत्त्वाचा फरक केला. तो पुढे येईलच.

थिअरी सगळीकडे पोहोचली ती हॉवर्ड बेकर यांच्या १९६३ सालच्या 'आउटसायडर्स' या पुस्तकामुळे. बेकर शिकागोच्या क्लबमध्ये जॅझ पियानो वाजवायचे. आजूबाजूला गांजा ओढणारे वादक होते. ज्यांना समाज बिघडलेले म्हणतो, ती माणसं त्यांनी पोलिसाच्या नजरेतून न बघता जवळून बघितली. त्यांचा निष्कर्ष असा होता की 'वावगेपणा' हा कृतीच्या अंगी असलेला गुण नाही. काहींनी नियम बनवले आणि ते दुसऱ्यांना लावले, त्याचा तो परिणाम आहे.

झाड एकच, शिक्के दोन

हे पुस्तकी वाटत असेल, तर भांग आणि गांजा घ्या. दोन्ही एकाच झाडापासून मिळतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाची जी व्याख्या आहे, त्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांग पानांची असते, त्यामुळे ती या कायद्याच्या बाहेर राहते आणि तिचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाशिवरात्रीला थंडाईत भांग घेणारा 'भक्त' आणि झाडाचा शेंडा चिलमीत भरणारा 'गंजेडी'.

दुसरं उदाहरण ६ सप्टेंबर २०१८ चं. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं नवतेज जोहर खटल्यात निकाल दिला आणि प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध कलम ३७७ मधून बाहेर आले. आदल्या दिवशीपर्यंत कायद्याच्या भाषेत गुन्हेगार असलेली माणसं दुसऱ्या दिवशी गुन्हेगार राहिली नाहीत. त्यांच्या आयुष्यात काही बदललं नव्हतं, नियमाचा अर्थ बदलला होता.

नियम बनवण्यासाठी मोहीम चालवणाऱ्यांना बेकर यांनी 'नैतिक उद्योजक' असं नाव दिलं. एखादी गोष्ट वाईट आहे हे लोकांना पटवून देणं आणि त्यावर कायदा करून घेणं, हे त्यांचं काम. अमेरिकेत १९३७ साली गांजावर कर लावणारा कायदा आला, त्यामागच्या मोहिमेचं उदाहरण बेकर यांनी दिलं होतं.

नियम सगळेच तोडतात, मग पकडलं कोण जातं?

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ पासून आहे. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो. शुक्रवारी रात्री बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे तुम्हीच आठवून बघा. पण त्यांना कुणी गुन्हेगार म्हणत नाही.

असाच प्रश्न विल्यम चॅम्ब्लिस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाला पडला होता. त्यानं एका शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांवर लक्ष ठेवलं आणि १९७३ साली तो अभ्यास छापला. एका टोळक्याला त्यानं 'सेंट्स' म्हणजे संत म्हटलं, दुसऱ्याला 'रफनेक्स' म्हणजे आडदांड.

संत आठ जण होते, चांगल्या घरचे. शाळा बुडवायचे, दारू प्यायचे, गाड्या बेफाम चालवायचे, तोडफोड करायचे. पण त्यांच्याकडे गाड्या असल्यामुळे ते दुसऱ्या शहरात जाऊन धिंगाणा घालत. पोलिसांनी अडवलंच तर नम्रपणे माफी मागत. अभ्यासाच्या काळात त्यांच्यापैकी एकालाही अटक झाली नाही.

आडदांड सहा जण होते, गरीब घरचे. गाडी नाही, म्हणून गावातल्याच चौकात उभे राहायचे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भांडायचे आणि पोलिसांना उलट बोलायचे. त्यांना सतत पकडलं जायचं. दोन्ही टोळक्यांच्या उपद्रवाचं प्रमाण साधारण सारखंच होतं, असं चॅम्ब्लिसचं निरीक्षण होतं.

पुढे काय झालं? आठपैकी सात संतांनी कॉलेज पूर्ण केलं. आडदांडांपैकी दोघं फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर शिकून शिक्षक झाले. म्हणजे ज्यांना गावानं नव्या ओळखीची संधी दिली, ते सावरले. आणखी दोघं वेगवेगळ्या खून प्रकरणांत तुरुंगात गेले.

चौदा मुलांवरून जगाचा नियम काढता येत नाही. पण कोण दिसतं, कोण कसं बोलतं आणि कोणाचा बाप कोण आहे, यावर शिक्का ठरतो, ही गोष्ट त्यातून चर्चेत आली.

शिक्का बसल्यावर काय होतं?

आता लेमर्ट यांनी केलेला फरक. पहिल्यांदा नियम मोडणं वेगळं. त्याची कारणं शंभर असतात: भूक, संगत, राग, मजा. बहुतेक जण ते करून विसरूनही जातात. पण पकडलं गेल्यावर लोकांची नजर बदलते. काम मिळत नाही, मित्रांच्या घरी जाता येत नाही, काही हरवलं की पहिला संशय आपल्यावर येतो. मग माणूस स्वतःकडेही त्याच नजरेनं बघू लागतो आणि ज्यांच्यावर तसाच शिक्का आहे त्यांच्यात मिसळतो. यातून पुढे जे घडतं, त्याला लेमर्ट यांनी 'दुय्यम विचलन' म्हटलं. पहिल्या चुकीचं कारण काहीही असेल, दुसरीमागे समाजाची प्रतिक्रियाही असते.

यासोबत आणखी एक गोष्ट होते. माणूस एकाच वेळी बाप असतो, सुतार असतो, कबड्डीपटू असतो. शिक्का बसला की बाकीच्या सगळ्या ओळखी मागे पडतात. तो फक्त 'जेलमधून आलेला' उरतो.

डेव्हा पेजर या अभ्यासक महिलेनं हे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मोजून बघितलं. तिनं तरुणांना सारख्याच पात्रतेचे अर्ज घेऊन नोकऱ्या मागायला पाठवलं. फरक एवढाच, की काहींच्या अर्जात तुरुंगवासाचा उल्लेख होता. २००३ साली छापलेले आकडे असे:

- गोरा, रेकॉर्ड नाही: ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं
- गोरा, तुरुंगवासाचा उल्लेख: १७ टक्के
- काळा, रेकॉर्ड नाही: १४ टक्के
- काळा, तुरुंगवासाचा उल्लेख: ५ टक्के

तिसरी ओळ पुन्हा वाचा. काहीही न केलेल्या काळ्या तरुणाला तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्या तरुणापेक्षा कमी बोलावणी आली. त्याच्यावरचा शिक्का जन्मापासूनच होता.

आपल्याकडे तर हा शिक्का कायद्यानंच मारला

जन्मापासूनचा शिक्का म्हटलं की भारताचा इतिहास टाळता येत नाही. १८७१ साली इंग्रजांनी 'क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट', म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असं सरकारला वाटलं, तर त्या अख्ख्या समूहाला 'गुन्हेगार' जाहीर करता येत होतं. या घोषणेला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. सुरुवातीला हा कायदा उत्तर भारतात होता. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आणता आला.

या समाजांतल्या माणसांची नोंद व्हायची. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची. गावाबाहेर जायचं तर पास लागायचा. १८९७ च्या दुरुस्तीनं ४ ते १८ वयाच्या मुलांना आई-वडिलांपासून वेगळं ठेवण्याचीही तरतूद केली. अनेक ठिकाणी वसाहती उभारून त्यांत कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली. सोलापुरात अशी तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि तिथल्या माणसांना गिरण्यांमध्ये कामाला लावलं जायचं. शहराच्या त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनी शिक्क्याबद्दल लिहायच्या कितीतरी आधी इथं शिक्का सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवला जात होता. फिरून पोट भरणाऱ्यांचं फिरणंच गुन्हा ठरलं. व्यापार, खेळ, शिकार असं काहीही करायचं तर पास काढावा लागणार. मग जगायचं कसं? चोरी केली तर 'बघा, म्हटलंच होतं' आणि नाही केली तरी हजेरी चुकत नाही. लेमर्ट यांनी सांगितलेली साखळी ती हीच.

शिक्का पुसला, पण डाग राहिला

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. या समाजांना 'विमुक्त' म्हटलं जाऊ लागलं आणि ३१ ऑगस्ट हा 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी, वडार, रामोशी, बंजारा, कंजारभाट, पाल पारधी अशी १४ नावं आहेत.

पण त्याच सुमारास राज्याराज्यांत 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. कागदावर ते जमातीसाठी नव्हते, व्यक्तीसाठी होते. प्रत्यक्षात पोलिसांची नजर जुन्याच वस्त्यांवर राहिली. परिसरात घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय कायदा गेल्यावरही सुटली नाही. या जगण्याचं चित्र मराठी वाचकांना लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनांतून कळलं. 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव म्हणजेही समाजावर बसलेला शिक्काच आहे.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांमध्ये जातीवरून कामं वाटून देणारे नियम कोर्टानं घटनाबाह्य ठरवले. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत विमुक्त जमातींना 'सराईत' समजणारे उल्लेख अजूनही होते, त्यांवरही कोर्टानं बोट ठेवलं. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका, असाही आदेश दिला. १९५२ साली गेलेला शिक्का ७२ वर्षांनंतरही नियमावलीत जिवंत होता.

आता शिक्का मोबाइलवरून बसतो

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज व्हॉट्सअॅपवर आधीच फिरत होते. सोलापूर जिल्ह्यातून आलेले पाच जण तिथं दिसले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, भिक्षा मागून जगणारे. जमावानं त्यांना मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात डांबलं आणि मारून टाकलं.

त्या पाच जणांनी काही केलेलं नव्हतं. बेकर यांच्या वर्गवारीत अशा माणसांना 'खोटा आरोप झालेले' म्हणतात: नियम मोडला नाही, तरी शिक्का बसला. अनोळखी भाषा, भटकं जगणं आणि मळके कपडे, यावर 'मुलं पळवणारा' हे लेबल चिकटायला एक फॉरवर्ड पुरला. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

पोलिसांच्या शिक्क्याला निदान पंचनामा, कोर्ट आणि अपील असतं. व्हायरल झालेल्या शिक्क्याला यातलं काहीच नसतं. निर्दोष सुटल्याची बातमी अटकेच्या बातमीइतकी शेअर होत नाही. आणि नाव सर्च केलं की जुना व्हिडिओच आधी वर येतो.

या थिअरीवरचे आक्षेप

ही थिअरी सगळ्यांनी मान्य केली असं नाही. मुख्य आक्षेप तीन आहेत.

१. पहिला गुन्हा का होतो, हे ती सांगत नाही. शिक्का नंतर बसतो. मग आधीच्या कृतीचं काय?

२. खून, बलात्कार या गोष्टी कोणी काय नाव देतं यावर अवलंबून नसतात. ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याचं नुकसान खरंच असतं. शिक्क्यावर बोलता बोलता पीडिताला विसरून चालणार नाही.

३. शिक्क्यानं प्रत्येक जण बिघडतोच असं नाही. अमेरिकेत मिनियापोलिस इथं १९८०च्या दशकात घरगुती हिंसाचारावर प्रयोग झाला. त्यात अटक झालेल्या पुरुषांनी पुन्हा मारहाण करण्याचं प्रमाण कमी दिसलं. नंतरच्या अभ्यासांत मात्र फरक आढळला: ज्यांना नोकरी होती त्यांना अटकेची जरब बसली, बेरोजगार मात्र अधिक हिंसक झाले. म्हणजे ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही आहे, त्याला शिक्का रोखतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला तो आणखी ढकलतो.

थिअरीच्या बाजूनंही पुरावा आहे. फ्लोरिडात काही आरोपींच्या बाबतीत न्यायाधीश दोषी असल्याची अधिकृत नोंद रोखून ठेवू शकतात. तिथल्या ९५ हजारांहून अधिक जणांचा अभ्यास २००७ साली छापून आला. ज्यांच्यावर दोषी असल्याचा अधिकृत शिक्का बसला, त्यांनी दोन वर्षांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण जास्त होतं.

मग शिक्षाच करायची नाही का?

तसं नाही. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं १९८९ साली यावर चांगला मार्ग सुचवला. लाज वाटायला लावण्याचे दोन प्रकार असतात. एकात आपण कृतीचा निषेध करतो आणि माणसाला परत यायला जागा ठेवतो. दुसऱ्यात माणसालाच कायमचं बाहेर काढतो. पहिल्यानं गुन्हे कमी होतात, दुसऱ्यानं वाढतात, असं त्याचं म्हणणं.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदा याच विचाराच्या जवळ जातो. मुलांबद्दल आरोपाची किंवा कलंक लावणारी भाषा वापरायची नाही, हे त्या कायद्याचं तत्त्व आहे. बातम्यांत 'बालगुन्हेगार' ऐवजी 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा जड शब्द दिसतो तो यामुळेच. कलम २४ नुसार, काही अपवाद वगळता, अशा मुलाच्या पुढच्या आयुष्यात ही नोंद आड येता कामा नये. आणि कलम ७४ नुसार त्याची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे फक्त पेपर आणि चॅनेलपुरतं नाही. कायद्यात 'संवादाची इतर माध्यमं' असेही शब्द आहेत. त्यामुळे एखाद्या प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाचा फोटो स्टेटसला ठेवणंही अंगाशी येऊ शकतं.

पोस्ट टाकण्याआधी हे चार शब्द बघा

- संशयित: पोलिसांना ज्याच्यावर संशय आहे तो. अजून काही सिद्ध नाही.
- आरोपी: ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे तो. अटक झाली, हातात बेड्या दिसल्या, तरी तो आरोपीच असतो.
- दोषी: कोर्टानं गुन्हा सिद्ध झाल्याचं सांगितलं तो. वरच्या कोर्टात हे बदलू शकतं.
- सराईत: हा शब्द तर सर्वांत जपून वापरावा. त्याला कायद्यात ठरावीक अर्थ आहे. कुणाच्या आडनावावरून, वस्तीवरून किंवा जातीवरून कुणी सराईत ठरत नाही.

यात पाचवा शब्द मुद्दाम घेतलेला नाही, तो म्हणजे 'भामटा'. ऑनलाइन फसवणुकीची बातमी शेअर करताना तिथं 'फसवणूक करणारा' लिहिलं, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं.